कायदा पुस्तकात लिहिलेला असताना जजसाहेब जुने निवाडे कशाला बघतात? आणि बघून बाजूला का ठेवतात?

खोली_नं_२३

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे मामा गिरगावात पागडीच्या खोलीत राहतात. दोन खण, पुढे सामाईक गॅलरी, टोकाला संडास. मालकाने दावा लावला होता. धाकट्या मुलाचं लग्न ठरलंय, त्याला राहायला ही खोली हवी, असं त्याचं म्हणणं. सात वर्षं चाललं. तीन आठवड्यांपूर्वी निकाल लागला, मामांच्या विरोधात.

हरलो याचं वाईट वाटतंच, पण मला खुपतंय ते वेगळं. युक्तिवादाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो. आमच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा एक निवाडा दिला. झेरॉक्स प्रत, पिवळ्या हायलायटरने ओळी रंगवलेल्या. त्यातही मालकाने स्वतःच्या गरजेसाठी जागा मागितली होती, त्यालाही दुसरी जागा होती, आणि भाडेकरू जिंकला होता. वकील म्हणाले, "साहेब, आमची केस स्क्वेअरली कव्हर्ड आहे." जजसाहेबांनी मान हलवली, प्रत ठेवून घेतली. मला वाटलं, झालं काम.

आता निकालपत्रात त्या निवाड्याबद्दल एवढंच आहे: "सदर न्यायदृष्टांतातील वस्तुस्थिती प्रस्तुत दाव्यापेक्षा भिन्न असल्याने तो प्रतिवादीस उपयोगी पडत नाही." बास. गंमत म्हणजे मालकाच्या वकिलांनी दिलेल्या दिल्लीच्या निवाड्यालाही तसाच निरोप दिलाय. मग दोघांनी आणलेली ती जाडजूड बाडं कशासाठी होती?

माझे प्रश्न अडाण्याचे वाटतील, पण विचारतो. कायदा पुस्तकात छापलेला आहे, तर जुने निवाडे लागतातच कशाला? आणि सुप्रीम कोर्टाचा शब्द सगळ्यांवर बंधनकारक असेल, तर खालचं कोर्ट तो एका ओळीत बाजूला कसा सारतं?

चहा_बिस्कीट

पहिला नंबर! खुर्ची टाकून बसलोय. काळाकोट साहेबांना कोणीतरी हाक मारा रे.

लॉ_थर्ड_इयर

राज्यघटनेचं कलम १४१ बघा. सुप्रीम कोर्टाचा निवाडा भारतातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. हायकोर्टाचा निवाडा त्या राज्यातल्या खालच्या कोर्टांवर बंधनकारक. दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टाचा असेल तर त्याचं वजन असतं, पण बंधन नसतं. त्यामुळे या जजना तो निवाडा बाजूला ठेवताच येणार नाही. मामांनी अपील करावं, नक्की जिंकतील.

काळाकोट

तिसऱ्या वर्षातल्या मित्रा, "नक्की जिंकतील" हे शब्द अशिलासमोर कधी काढू नकोस. आणि कलम १४१ परत एकदा वाच. "निवाडा" बंधनकारक असं तिथे लिहिलेलं नाही. सुप्रीम कोर्टाने "घोषित केलेला कायदा" बंधनकारक, असं लिहिलंय. सगळी मेख त्या तीन शब्दांत आहे. त्यावर येतोच.

खोली_नं_२३, आधी तुमचा पहिला प्रश्न. तुमच्याच दाव्याचं कलम घेऊ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १६. आमच्या बोलीत सोळा-एक-जी. मालकाला जागा स्वतःला राहण्यासाठी, किंवा ज्याच्या हितासाठी ती जागा त्याने धारण केली आहे त्याला राहण्यासाठी, वाजवी आणि प्रामाणिकपणे हवी असेल तर ताबा मागता येतो. आता सांगा, यात धाकटा मुलगा कुठे आहे? त्याचं लग्न कुठे आहे? नुसतं पुस्तक वाचायचं तर तुमच्या मालकाला पहिल्याच तारखेला घरी पाठवता आलं असतं.

तसं होत नाही, कारण हा वाद आधीच कोणीतरी लढून ठेवलाय. जोगिंदर पाल विरुद्ध नवल किशोर बहल, सुप्रीम कोर्ट, २००२. तिथे पंजाबचा भाडे कायदा होता आणि शब्द होते "स्वतःच्या वापरासाठी". कोर्टाने म्हटलं, घरातलं जे माणूस मालकावर अवलंबून आहे, ज्याची सोय लावणं आपल्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्याच्याकडे येतं, त्याची गरज ही मालकाचीच गरज धरायची. कलमातला एक शब्दही बदलला नाही. पण त्या शब्दाच्या पोटात काय काय मावतं ते ठरलं. निवाडे लागतात ते यासाठी. कायदा करणाऱ्याला प्रत्येक चाळीतला प्रत्येक धाकटा मुलगा आधी दिसत नसतो.

आता दुसरा प्रश्न. एका निवाड्यात शंभर गोष्टी असतात. दोन्ही बाजूंची हकीकत, वकिलांनी मांडलेलं म्हणणं, कोर्टाने जाता जाता मारलेले शेरे, एखादं सुभाषित. यातलं बंधनकारक फक्त एवढंच: त्या हकीकतीवर तो निकाल ज्या कारणामुळे लागला, ते कारण. आम्ही त्याला रेशो म्हणतो. जाता जाता बोललेलं ते ओबिटर. सुप्रीम कोर्टाचा ओबिटरही खालचं कोर्ट अदबीने ऐकतं, पण निकाल उभा राहतो तो रेशोवर. आणि रेशो हकीकतीपासून सुटा काढता येत नाही. नारळातून पाणी काढता येतं, तसं ते नाही. फणसाच्या गऱ्यासारखं आहे, चिकाचा हात लागल्याशिवाय हाती येत नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगा. तुमच्या वकिलांनी दिलेल्या निवाड्यात मालकाची दुसरी जागा कुठे होती आणि रिकामी होती का? ती त्याने कोर्टाला सांगितली होती की लपवली होती? आणि तिसरी, मामांना दुसरीकडे कुठे जागा आहे का? निकालपत्र हाताशी असेल तर बघून लिहा.

अजून एक, घाईचं. अपिलाला डिक्रीच्या, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या, तारखेपासून तीस दिवस. मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे जातं. नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, पण नकलेचा अर्ज केलाय ना?

खोली_नं_२३

अर्ज निकालाच्या दुसऱ्याच दिवशी केला. आत्ता माझ्याकडे वकिलांनी मोबाइलवर पाठवलेले फोटो आहेत. रात्री नीट वाचून लिहितो.

व्याकरणवाली_माई

काळाकोट, मला कायद्यातलं काही कळत नाही, पण "न्यायदृष्टांत" हा शब्द मला फार आवडला. महानुभावांकडे सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तिहेरी मांडणी असते. सूत्र म्हणजे सिद्धांत, थोडक्यात सांगितलेला. दृष्टांत म्हणजे गोष्ट. आणि त्या गोष्टीतलं कोण म्हणजे सूत्रातलं कोण, ती जुळणी म्हणजे दार्ष्टांतिक. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण सगळे सांगतो, पण हत्ती म्हणजे कोण आणि आंधळे म्हणजे कोण हे सांगितलं नाही तर ती प्राणिसंग्रहालयातली गंमत होऊन बसते. तुमच्याकडेही कलम हे सूत्र, निवाडा हा दृष्टांत, आणि जजसाहेबांचं खरं काम दार्ष्टांतिकाचं, असं म्हटलं तर चालेल का?

काळाकोट

माई, दंडवत. अठ्ठावीस वर्षं वकिली केली, हे इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं. उद्या कोर्टात वापरणार, तुमचं नाव न सांगता.

शिरस्तेदार

मी मुंबईतच कोर्टात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं डायसच्या खाली, बेंच क्लार्कच्या खुर्चीत. कोर्टाचं नाव सांगत नाही. तिथून जे दिसलं ते लिहितो.

लोकांना वाटतं जज आधी निवाडे वाचतात आणि मग निकाल ठरवतात. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं, त्यातले चांगले जज उलट्या बाजूने जायचे. आधी दावा आणि कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर. मग मुद्दे काढलेले असतात, त्यातला एकेक घेऊन त्याच्यासमोर पुरावा. कोण काय बोललं, उलटतपासणीत कुठे फाटलं, कुठला कागद निशाणीला लागला. ते झालं की बेअर अ‍ॅक्ट उघडायचे, म्हणजे नुसत्या कायद्याचं पुस्तक, मग कलम, परंतुक (कलमाला जोडलेली अट) आणि खालचं स्पष्टीकरण सगळं बोट ठेवून. आणि निवाडे सगळ्यात शेवटी.

एका साहेबांची सवय अजून आठवते. वकिलाने निवाड्यांचं बाड दिलं की पेन्सिलीने पहिल्या पानाच्या कोपऱ्यात "हकीकत?" असं लिहायचे. एकदा एका तरुण वकिलाने चौदा निवाडे दिले. साहेब म्हणाले, "यातला सर्वांत जवळचा कुठला?" वकील म्हणाले, "सगळेच, सर." साहेब म्हणाले, "मग एकाचाच परिच्छेद सांगा." वकिलांनी वरची जाड ठशातली ओळ वाचायला सुरुवात केली. साहेबांनी थांबवलं. "ही हेडनोट. ही संपादकाने लिहिलीय, न्यायमूर्तींनी नाही. आत काय आहे?" आत काय आहे ते वकिलांनी वाचलेलं नव्हतं. बिचारा घामाघूम झाला. बोर्डावर पुढचं मॅटर पुकारेपर्यंत मलाच अवघडल्यासारखं झालं.

हेडनोट फसवी असते असं नाही, महाराष्ट्र लॉ जर्नल किंवा एआयआर असे निवाडे छापणारे अंक चाळताना तीच पहिली दिसते. पण मासळी घेताना आपण पाटीवरचं नाव वाचत नाही, कल्ला उघडून बघतो, तसं आहे.

चहा_बिस्कीट

शिरस्तेदार काका, पापलेटची उपमा कायद्याला पहिल्यांदाच ऐकली. अवांतर: हायकोर्टाच्या इमारतीवर डोळ्याला पट्टी बांधलेलं माकड हातात तराजू घेऊन बसलंय, ते खरंय का?

शिरस्तेदार

आहे. दगडात कोरलेलं. इमारत १८७८ ची. मजुरीवरून खटला हरलेल्या कंत्राटदाराने सूड म्हणून कोरवून घेतलं अशी आख्यायिका आहे, पण आख्यायिकाच.

घरमालक_पण_माणूस

सगळे भाडेकरूच्या बाजूने वाचतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या आजोबांची इमारत आहे. एका खोलीचं महिन्याचं भाडं किती येतं ते इथे लिहीत नाही, लोक हसतील. तेवढ्यात आज दोन वडापाव येतात, चटणी वेगळी. वर दुरुस्ती आमच्या गळ्यात.

भाडी गोठवणारा जुना मुंबई भाडे कायदा १९४७ चा. १९९७ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सांगितलं की ही गोठवलेली भाडी एके काळी वाजवी होती, पण काळ गेला तशी ती अन्यायाची झालीयत. तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. मग पुढचं वाचलं. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपतच होती आणि सरकार नवीन कायदा आणणार होतं, म्हणून कोर्टाने ती कलमं रद्द केली नाहीत. नवा कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला. पेढे फुकट गेले. तर कोर्टाने "हे चूक आहे" म्हणणं आणि "हे रद्द" म्हणणं यात जमीनअस्मानाचं अंतर असतं, हे आम्ही मालक लोक खिशाने शिकलोय.

सव्वानऊची_लोकल

खिशाने शिकण्यावरून आठवलं. माझा कापडाचा छोटा धंदा. कोलकात्याच्या एका गिऱ्हाइकाचा चेक वटला नाही, म्हणून १३८ ची केस मुंबईत टाकली. १९९९ च्या भास्करन निवाड्याप्रमाणे चालत होतं तसं. १ ऑगस्ट २०१४ ला सुप्रीम कोर्टाने दशरथ राठोड खटल्यात सांगितलं, नाही, चेक देणाऱ्याची बँक जिथे आहे तिथलंच कोर्ट. माझ्या केसमध्ये पुरावा सुरू झालेला नव्हता. तक्रार परत हातात, तीस दिवसांत तिकडे दाखल करा. ती फाइल बगलेत मारून सीएसटीच्या पायऱ्यांवर बसलो होतो, तो दिवस विसरणार नाही. साठ हजारांच्या चेकसाठी हावडा मेल पकडायची?

मग जून २०१५ मध्ये सरकारने वटहुकूम काढला आणि पुढे रीतसर दुरुस्ती झाली. चेक खात्यात भरला असेल तर घेणाऱ्याची बँक जिथे, तिथे केस. म्हणजे फिरून मुंबई. माझा प्रश्न एवढाच. कायदा तोच, कलम तेच, आणि एका वर्षात मी दोनदा उलटासुलटा झालो. याला काय म्हणायचं?

काळाकोट

याला म्हणायचं संभाषण. कोर्ट आणि कायदेमंडळ एकमेकांशी बोलत असतात, मधल्या मध्ये तुमच्यासारखे भरडतात. कलम १३८ गुन्हा सांगत होतं, पण तो गुन्हा कुठे घडला हे नीट सांगत नव्हतं. त्या फटीत १९९९ ला एक अर्थ बसवला, २०१४ ला मोठ्या पीठाने दुसरा. संसदेला दुसरा पटला नाही, तिने कलम १४२ मध्ये फटच बुजवली. लिखित कायदा स्पष्ट झाला की निवाड्याला तिथे काम उरत नाही. राज्यघटनेच्या विरोधात जात नसेल, तर शेवटचा शब्द लिहिणाऱ्याचा.

याचंच दुसरं उदाहरण, रोजच्या कामातलं. दिवाणी दाव्यात कैफियत तीस दिवसांत द्यावी, फार तर नव्वद. कायद्यात "शॅल" आहे. माईंना विचारलं तर त्या म्हणतील, "द्यावी" म्हणजे द्यावीच. पण कैलाश विरुद्ध नन्हकू, २००५, यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा कार्यपद्धतीचा नियम, उशीर झाल्यास काय हे लिहिलेलं नाही, सबब अपवादाच्या परिस्थितीत नव्वदनंतरही घेता येईल. झालं, अपवादाचा पायंडा पडला. मग व्यापारी दाव्यांसाठी कायदा बदलला तेव्हा संसदेने नुसतं "शॅल" लिहून भागवलं नाही. एकशेवीस दिवसांनंतर प्रतिवादी आपला हक्क गमावेल आणि कोर्ट कैफियत दाखल करून घेणार नाही, असा परिणामही लिहून टाकला. २०१९ मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो शब्दशः लागू केला. शब्द तोच, पण शेजारी कोण बसलंय त्यावर त्याचा जोर ठरला.

व्याकरणवाली_माई

म्हणजे आमच्या विध्यर्थाला तुम्ही कोर्टात नेऊन विचारता, तू आज्ञा आहेस की विनंती. बरं आहे.

लॉ_थर्ड_इयर

काळाकोट सर, १४१ बद्दल समजलं, माघार घेतो. पण एक शंका. सुप्रीम कोर्टच आधी चुकलं असेल तर? एडीएम जबलपूर, १९७६. आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठीही कोर्टात दाद मागता येणार नाही, असं चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं. चारांत न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते, एकटे विरोधात न्यायमूर्ती खन्ना. हा निवाडा औपचारिकरीत्या मोडीत निघाला तो २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात, आणि तो चुकीचा होता असं लिहिणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड, म्हणजे त्यांचेच चिरंजीव. एवढी वर्षं तो बंधनकारक होता?

काळाकोट

कागदावर होता. प्रत्यक्षात १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याचा दात काढलेला होता, म्हणून कोणाला चावला नाही. इथेही आधी लिहिणाऱ्यांनीच दुरुस्त केलं, निवाडा नंतर.

आणि पुट्टस्वामीला नऊ न्यायमूर्ती का बसवले माहितीय? कारण त्याच हक्काच्या आड येणारा १९५४ चा एम. पी. शर्मा खटल्याचा निवाडा आठ जणांचा होता. लहान किंवा बरोबरीच्या पीठाला जुना निवाडा पटला नाही तर तो मोडता येत नाही, मोठ्या पीठाकडे पाठवा म्हणायचं. २००५ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या मध्यवर्ती मंडळाच्या खटल्यात हे पुन्हा ठामपणे सांगितलंय, आणि त्यात समोर आपलंच महाराष्ट्र सरकार होतं.

चहा_बिस्कीट

म्हणजे डोकी मोजायची?

काळाकोट

बेंचवरची, हो.

बाकी मुंबईकरांनी एक निवाडा तरी मुळातून वाचावा, ओल्गा टेलिस, १० जुलै १९८५. सगळे सांगतात की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे यात ठरलं. खरं आहे. पण फुटपाथवरचे लोक जिंकले का? नाही. ८१ च्या पावसाळ्यात झोपड्या हटवायला घेतल्या, खटला पाच न्यायमूर्तींपुढे गेला. पालिकेच्या हातात १८८८ च्या कायद्याचं कलम ३१४ होतं. आयुक्त पूर्वसूचना न देता अडथळा हटवू शकेल. कोर्टाने ते कलम रद्द केलं नाही. "हटवू शकेल" यावर बोट ठेवलं. सूचना न देण्याची मुभा आहे, सूचना देऊ नये असा हुकूम नाही. म्हणून एरवी म्हणणं ऐकूनच घ्यावं. ९७ वर्षांपूर्वीच्या गोऱ्या साहेबाच्या वाक्यात घटनेला बसायला जागा करून दिली. आणि मग म्हणाले, या लोकांचं म्हणणं आता आम्हीच ऐकलंय, फुटपाथ चालण्यासाठी असतात, तेव्हा हटवा. फक्त पावसाळा जाऊ दे, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा.

म्हणजे हरलेल्यांच्या नावाचा निवाडा पुढे शेकडो जणांना कामी आला. आणि पालिकेचा वकीलही तोच निवाडा घेऊन उभा राहू शकतो. दोघेही खोटं बोलत नसतात.

सव्वानऊची_लोकल

१ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहिता आली, ३०२ ची १०३ झाली. मग जुने निवाडे रद्दीत का?

काळाकोट

नाही. नंबर बदलला, शब्द तेच राहिले असतील तर जुना अर्थ चालू राहतो. शब्द बदललाय तिथे मात्र दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावं लागतं. सध्या आमच्या चेंबरमध्ये तेच चाललंय, ज्युनिअरचे डोळे गेले.

खोली_नं_२३

मंडळी, काल रात्री दोन वाजेपर्यंत वाचलं. सगळं लिहितो, लपवण्यात अर्थ नाही. (त्याआधी मोबाइलवरच्या एआयला विचारलं होतं. त्याने तीन निवाडे दिले, नावं-वर्षांसकट. वकिलांना पाठवले, तिन्ही अस्तित्वातच नाहीत. त्यांनी सांगितलं, २०२३ मध्ये न्यूयॉर्कला असेच खोटे निवाडे दिले म्हणून वकिलांना पाच हजार डॉलर दंड झालाय.)

काळाकोट साहेब, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं. आम्ही दिलेल्या निवाड्यात मालकाची दुसरी जागा त्याच इमारतीत होती, रिकामी होती, आणि त्याने ती दाव्यात सांगितलीच नव्हती. आमच्या मालकाची दुसरी जागा नाशकात आहे, वडिलोपार्जित, आणि त्याने ती दाव्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलीय.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला काल कळलं. मामींच्या नावावर वसईला वन बीएचके आहे. २०१६ ला घेतलेला, भाड्याने दिलेला. आम्हा भाच्यांना माहीत नव्हतं. मामांनी सरतपासाच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं, "मला व माझ्या कुटुंबीयांना अन्यत्र कोठेही जागा नाही." उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, काढून दाखवला. सही मामींची, साक्षीदार म्हणून मामांची.

पुढे कलम १६ च्या पोटकलम दोनची चर्चा आहे, ताबा दिल्याने जास्त हाल कोणाचे. दिल्लीचा निवाडा बाजूला ठेवला तो इथेच. तो १९९९ चा शिव सरूप गुप्ता, सुप्रीम कोर्टाचाच, पण दिल्लीच्या भाडे कायद्यावरचा. मालकाची गरज खरी ठरली की त्याने कसं भागवावं हे कोर्टाने शिकवू नये, असा. जजसाहेबांनी लिहिलंय की गरज खरी आहे का हे पाहण्यापुरता तो निवाडा मार्गदर्शक आहे, पण दिल्लीच्या कायद्यात हालांची तुलना करण्याचं पोटकलम नाही, आपल्याकडे आहे, म्हणून गरज सिद्ध झाली तरी इथे पुढची पायरी चढावीच लागते. आणि त्या पायरीवर आम्ही घसरलो.

एक परिच्छेद इथे तसाच उतरवतो. "प्रतिवादीने सादर केलेल्या न्यायदृष्टांतात उपलब्ध जागा दडवून ठेवणाऱ्या पक्षकाराविरुद्ध निष्कर्ष काढण्यात आला आहे. प्रस्तुत दाव्यात जागा दडवून ठेवणारा पक्षकार प्रतिवादी आहे." मी ज्याला एका ओळीत उडवलं म्हणत होतो, ती ओळ याच्यानंतर चार पानांनी आहे.

शिरस्तेदार

आमच्या पेन्सिलवाल्या साहेबांना हे निकालपत्र आवडलं असतं.

घरमालक_पण_माणूस

खोली नं. २३, इथे येऊन हे लिहिलंत, मानलं. मी मालक असूनही सांगतो, अपील करायचं तर करा, पण वसईचा फ्लॅट पहिल्या पानावर लिहा.

काळाकोट

सहमत. आणि त्याच पोटकलमात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या वकिलांनी मांडली होती का बघा. जागेचा काही भाग मालकाला देऊन कोणाचेच हाल होत नसतील, तर कोर्टाने तेवढ्याच भागाचा हुकूम करायचा असतो. दोन खणांच्या खोलीत, एकच मोरी असताना, ते कितपत टिकेल मला शंका आहे. पण मुद्दा निघाला होता की नाही, हे पाहा. खाली न काढलेला हकीकतीचा मुद्दा अपिलात काढायला गेलात तर पहिला प्रश्न तोच येतो.

चहा_बिस्कीट

आणि मामा काय म्हणाले?

खोली_नं_२३

आज संध्याकाळी गेलो होतो. गॅलरीत बसून तो परिच्छेद वाचून दाखवला. मामी आत निघून गेल्या. मामा बराच वेळ कठड्यावरच्या कुंडीतली माती उकरत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, एवढी सहाशे पानं कोण वाचतंय."

नक्कल गुरुवारी मिळतेय. खोलीच्या भागाबद्दल वकिलांना विचारून इथेच कळवतो.